दमा : धाप थांबली, सूज नाही

छातीत शिट्टी वाजू लागली की पंप ओढायचा आणि श्वास मोकळा झाला की कामाला लागायचं, अशी दम्याच्या अनेक रुग्णांची सवय असते. पण धाप हे केवळ लक्षण. मूळ आजार आहे तो श्वासनलिकांच्या अस्तरात मुरलेली सूज, आणि ती आणतात आपल्याच शरीराच्या संरक्षक पेशी.

गैरसमज : प्रतिकारशक्ती कमी पडल्यामुळे दमा होतो, ती वाढवली की बरा होतो.

वस्तुस्थिती : ॲलर्जीच्या दम्यात प्रतिकारशक्ती दुबळी नसते, ती भलत्याच शत्रूवर तुटून पडते. गादीतल्या धुळीतले सूक्ष्म कीटक, झुरळांची विष्ठा, बुरशी, परागकण यांना काही टी पेशी धोका समजतात. त्यांच्या इशाऱ्यावरून बी पेशी आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार करतात. ही प्रतिपिंडं श्वासनलिकेतल्या मास्ट पेशींवर जाऊन बसतात. तोच कण पुन्हा आत आला की काही मिनिटांत मास्ट पेशी हिस्टामिन आणि ल्युकोट्राइन ही रसायनं सोडतात. नलिकेभोवतीचे स्नायू आवळतात, अस्तर सुजतं, चिकट कफ सुटतो. अशा वेळी प्रतिकारशक्ती ‘वाढवणारा’ काढा उपयोगाचा नाही. तिचा हा अतिरेक शांत करावा लागतो.

गैरसमज : धाप थांबली म्हणजे दमा गेला.

वस्तुस्थिती : ॲलर्जीच्या झटक्यानंतर काही तासांनी अनेकांमध्ये दुसरी लाट येते. इंटरल्यूकिन-५ या संदेशवाहक प्रथिनामुळे अस्थिमज्जेत इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी जास्त तयार होतात आणि श्वासनलिकांकडे येतात. त्यांच्यातली विषारी प्रथिनं अस्तराला इजा करतात. रुग्णाला बरं वाटत असतानाही ही सूज टिकून राहते. म्हणून उदबत्तीचा धूर, थंड हवा, कधी नुसतं खळखळून हसणंही झटक्याला पुरतं. सूज वर्षानुवर्षं राहिली तर नलिकांच्या भिंती जाड होऊ शकतात. साल्ब्युटामॉलचा पंप आवळलेले स्नायू सैल करतो, सुजेला हात लावत नाही. याच कारणाने ‘जिना’ या दम्यावरील जागतिक मार्गदर्शक संस्थेने 2019 साली, प्रौढ आणि किशोरवयीन रुग्णांना केवळ अशा पंपावर ठेवू नये, अशी शिफारस केली.

गैरसमज : रक्तात इओसिनोफिल वाढले म्हणजे दमाच.

वस्तुस्थिती : पोटातले जंत, त्वचेची ॲलर्जी, काही औषधं, हत्तीरोगाच्या जंतूंमुळे होणारा फुप्फुसाचा विकार, यांतही हा आकडा चढतो. उलट तो सामान्य असूनही दमा असू शकतो; काही रुग्णांच्या सुजेत इओसिनोफिलपेक्षा न्यूट्रोफिल पेशींचा वाटा मोठा असतो. निदानासाठी लक्षणांचा इतिहास आणि फुंकर मारून करायची स्पायरोमेट्री ही तपासणी महत्त्वाची.

गैरसमज : पंपातलं स्टेरॉइड घातक असतं आणि त्याची सवय लागते.

वस्तुस्थिती : पंपातलं स्टेरॉइड व्यसन लावत नाही. ते पेशींना चिथावणाऱ्या रसायनांची निर्मिती रोखतं, त्यामुळे अस्तरातल्या इओसिनोफिलची संख्या घटते. प्रौढांसाठी ब्युडेसोनाइडचा कमी डोस दिवसाला 200 ते 400 मायक्रोग्रॅम असतो. मोठ्या झटक्यात गोळ्यांतून दिलं जाणारं प्रेडनिसोलोन 40 मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे 40,000 मायक्रोग्रॅम असू शकतं. दोन्ही औषधांची ताकद वेगळी असली, तरी पंपाचं औषध थेट नलिकेत उतरतं आणि उरलेल्या शरीरात फार कमी पोहोचतं. घसा बसणं किंवा तोंडात बुरशी येणं टाळायला पंप घेतल्यावर चूळ भरावी.

गैरसमज : सगळ्यांचा दमा सारखाच, औषधही एकच.

वस्तुस्थिती : कोणत्या पेशी जास्त चवताळल्या आहेत, यावर तीव्र दम्याचे उपचार बदलतात. आयजीईला अडवणारं ओमालिझुमॅब अमेरिकेत 2003 मध्ये मंजूर झालं, इंटरल्यूकिन-५ला रोखणारं मेपोलिझुमॅब 2015 मध्ये. ही इंजेक्शनं महाग आहेत आणि नेहमीच्या औषधांनी आटोक्यात न येणाऱ्या निवडक रुग्णांसाठीच आहेत.

तातडीच्या पंपाची गरज आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त पडत असेल किंवा रात्री खोकल्याने जाग येत असेल, तर सूज आटोक्यात नाही असं समजा आणि डॉक्टरांना दाखवा. आणि बरं वाटतंय म्हणून रोजचा पंप स्वतःच्या मनाने बंद करू नका.