कोयता आणि बॅकपॅक

गेल्या सेमिस्टरला सबमिशनच्या रात्री आमच्या रूमवर एकच विषय होता... ऑस्ट्रेलिया! पाठीवर सॅक टाकायची, तीन महिने शेतात फळं तोडायची आणि त्या पैशांत उरलेला देश फिरायचा. ना बॉस, ना बॅकलॉग! "आपण शेतकऱ्यांचीच पोरं, आपल्याला काय अवघड?" असं एकजण म्हणाला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

पहाटे चहाला बाहेर पडलो, तर उसाने भरलेल्या बैलगाड्या कारखान्याकडे निघाल्या होत्या. एका गाडीवर एक बाई बसलेली, मांडीवर झोपलेलं पोर. तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं, की हंगामापुरतं घर सोडून परमुलखात शेतकाम करणारी माणसं तर रोज आपल्या समोरूनच जातात. मग दोन्हीकडची माहिती काढली. तीच इथे देत आहे.

आधी ऑस्ट्रेलिया. तिथे तरुणांनी फिरता फिरता काम करावं यासाठीचा व्हिसा १९७५ पासून आहे. भारतीयांना मात्र तो मिळत नव्हता. एप्रिल २०२२ मध्ये दोन्ही देशांत व्यापार करार झाला आणि त्यात वर्षाला १,००० भारतीयांसाठी जागा ठरल्या. पहिली नोंदणी ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली. पहिल्या दोन आठवड्यांतच सुमारे ४०,००० अर्ज आले! म्हणून बॅलट, म्हणजे सरळ सोडत. वय १८ ते ३०, बारावीनंतर किमान दोन वर्षांचं शिक्षण, कामापुरतं इंग्रजी आणि खात्यात साधारण ५,००० ऑस्ट्रेलियन डॉलर, अशा मुख्य अटी. बॅलटची फी २५ डॉलर होती. सोडतीत नशीब लागतं, एजंट लागत नाही. "नंबर लावून देतो" म्हणणाऱ्यापासून चार हात लांबच राहा.

हा व्हिसा एका वर्षाचा असतो. दुसरं वर्ष हवं असेल, तर ठरावीक ग्रामीण भागांत तीन महिने ठरावीक प्रकारचं काम करावं लागतं. बॅकपॅकर लोक त्याला "८८ दिवस" म्हणतात. गंमत म्हणजे ब्रिटिश तरुणांना जुलै २०२४ पासून ही अट उरलेली नाही. आपल्याला आहे.

काम कसलं? क्वीन्सलंडमध्ये ऊस भरपूर, पण तो तोडायला माणूस लागत नाही. १९७० च्या दशकाअखेर तिथली तोडणी पूर्णपणे यंत्रांवर गेली. माणूस लागतो तो फळांना. टली आणि इनिसफेलकडे केळी, बंडाबर्गकडे टोमॅटो आणि स्ट्रॉबेरी, टास्मानियात सफरचंद. केळीचा अख्खा घड खांद्यावर घेऊन ट्रेलरपर्यंत न्यायचा, याला तिथे "हम्पिंग" म्हणतात. एकेका घडाचं वजन ४०-५० किलोही भरतं. आपल्याकडे उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढतात, त्याचाच हा चुलतभाऊ!

तिथेही बऱ्याच कामाचे पैसे तासावर नव्हे, तर नगावर मिळत. जितक्या पेट्या भराल तितके डॉलर. मधे मजूर पुरवणारा ठेकेदार, म्हणजे आपला मुकादमच. झोपायची जागाही कित्येकदा त्याचीच, तिचं भाडं मजुरीतून कापून घ्यायचं. २०१८ साली तिथल्या सरकारी यंत्रणेने शेतमालक आणि ठेकेदार मिळून ६३८ जणांची तपासणी जाहीर केली, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांनी कायदा मोडलेला निघाला. शेवटी मजूर संघटना भांडली आणि २८ एप्रिल २०२२ पासून नियम बदलला. पेट्या कितीही भरा, तासाचं किमान वेतन द्यायचंच आणि किती तास काम झालं त्याची नोंद ठेवायचीच.

आता आपला कोयता. कोपरगाव तालुक्यात कोळपेवाडी आणि सहजानंदनगर असे दोन सहकारी साखर कारखाने. आपल्या भागात दिवाळीच्या सुमारास टोळ्या येतात आणि पाचटात, ताडपत्रीच्या कोप्या उभ्या राहतात. ऊसतोडीच्या भाषेत "एक कोयता" म्हणजे एक माणूस नव्हे, तर नवरा-बायकोची जोडी. एकट्याला "अर्धा कोयता" म्हणतात. निघण्याआधीच मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती ऊस तोडून फेडायची असते.

इंजिनिअर आहोत, तर हिशेब करून बघू. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला आणि टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. समजा एका जोडीने १ लाख रुपये उचल घेतली आणि रोज २ टन ऊस तोडला. दिवसाचे झाले ७३२ रुपये, दोघांचे मिळून. लाख फिटायला लागतात १३७ दिवस, तेही एक सुट्टी न घेता. हंगाम १२० दिवसांत आटोपला तर? ८७,८४० रुपये फिटले, १२,१६० अंगावर राहिले. रोजचा किराणा आणि आजारपण तर यात धरलेलंच नाही. म्हणजे पुढच्या दिवाळीला त्याच मुकादमाकडे जायचं!

हा हिशेब मांडला आणि माझी झोप उडाली. कष्ट तर दोन्हीकडे आहेत. ऊन, पाठदुखी, मुकादम, सगळं आहे. फरक एका गोष्टीचा. बॅकपॅकरला काम नाही पटलं तर तो सॅक उचलून दुसऱ्या गावी जातो. कोयत्याला जाता येत नाही, कारण त्याची मजुरी त्याने आधीच खाल्लेली असते. काम मोकळेपणाने सोडता येतं का, हा खरा प्रश्न आहे.

म्हणून ज्यांना ऑस्ट्रेलियाचा फॉर्म भरायचाय त्यांनी जरूर भरा, पण एक बघा. डॉलर ५५ रुपयांनी धरला तरी ५,००० डॉलर म्हणजे पावणेतीन लाख होतात. वर तिकीट आणि व्हिसाची फी वेगळी. हे पैसे व्याजाने काढून गेलात, तर ती तुमची उचलच झाली! मग ठेकेदार काहीही बोलला तरी तोंड उघडता येणार नाही. परतीच्या तिकिटाचे पैसे स्वतःचे ठेवा, कामाचे तास रोज वहीत लिहा आणि पगाराची स्लिप मागून घ्या.

आणि जमलं तर एक करा. सातासमुद्रापलीकडच्या मजुराला तासाचं किमान वेतन मिळायला हवं, हे आपल्याला लगेच पटतं. मग आपल्या गेटसमोरून जाणाऱ्या बैलगाडीवरच्या बाईला अर्ध्या कोयत्याऐवजी स्वतःच्या नावाने, स्वतःच्या हातात मजुरी का मिळू नये? आमच्या रूमवर आता रात्री हाच वाद चालू असतो.