सॉर्टेक्सचा डोळा आणि सोल्डरची तपासणी

गोंदियातल्या राइस मिलमध्ये सॉर्टेक्स यंत्राचा कॅमेरा उतारावरून घसरणारा दाणा न् दाणा पाहतो. काळा-पिवळा दाणा किंवा खडा दिसला की हवेचा झोत तेवढाच बाजूला उडवतो. सर्किट बोर्डावरच्या सोल्डरची स्वयंचलित तपासणीही कॅमेऱ्यानेच होते, पण ती अधिक किचकट. सोल्डर चकाकते, त्यामुळे साध्या उजेडात त्याचा आकार उमगत नाही. म्हणून लाल, हिरवा आणि निळा प्रकाश वेगवेगळ्या कोनांतून टाकतात. सपाट भाग लाल दिसतो, तीव्र उतार निळा. या रंगांवरून जोड कसा बसलाय ते कळते. अपुरे सोल्डर, दोन पायांमधला शॉर्ट, एका टोकावर उभा राहिलेला रेझिस्टर असे दोष सापडतात. बीजीए चिपखालचे जोड मात्र झाकलेले. तिथे एक्स-रेच हवा. चांगल्यालाही वाईट ठरवण्याची खोड दोन्ही यंत्रांना आहे. त्यामुळे सॉर्टेक्सने फेकलेला तांदूळ पुन्हा यंत्रातून फिरवतात आणि नाकारलेला बोर्ड माणूस तपासतो.