आबांच्या शेळ्या, मावशींची भाकरी

बायपास करून माणूस घरी आला की आमच्याकडे त्याची बाज कोपऱ्यात पडते आणि त्याला कुणी उठू देत नाही. मी धाराशिवात फिजिओथेरपिस्ट आहे. ऑपरेशनला लोक सोलापूर-पुण्याला जातात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेमुळे पैशाचा घोरही हलका झालाय. पुढचे तीन महिने मात्र घरच्यांच्या हाती असतात, आणि म्हातारी माणसं मागं पडतात ती तिथंच.

तुळजापूर तालुक्यातले एक आबा. सत्तरी ओलांडलेले, दारात उस्मानाबादी शेळ्या. ऑपरेशन छान झालेलं, पण जेवण तुटलं, झोप उडाली. "आता मी कामातून गेलो," एवढंच बोलायचे. लेकाला वाटलं, हृदयच कमजोर झालं. तसं नव्हतं. बायपासनंतर मन असं खचणं सर्रास दिसतं. बहुतेकांचं हळूहळू ओसरतं. लांबलं तर डॉक्टरांना सांगायचंच, त्यावर औषध आहे.

आबांना मी मनमोहन सिंगांचं सांगितलं. जानेवारी २००९ मध्ये, वयाच्या ७६व्या वर्षी त्यांची बायपास झाली, तीही दुसऱ्यांदा. मे महिन्यात त्यांनी पुन्हा पंतप्रधानपदाची शपथ घेतली. मग आबा अंगणात चालू लागले. आधी पाच-पाच मिनिटं, दिवसातून तीन-चारदा, पुढं थोडं थोडं वाढवत. चालता चालता बोलता आलं पाहिजे. धाप लागली की थांबायचं. शेळ्यांमागं जायची मुभा दिली, पण दावं हातात धरायचं नाही. शेळी हिसडा मारते. छातीचं मधलं हाड कापून तारेनं बांधलेलं असतं. ते जुळायला दीड-दोन महिने, पक्कं व्हायला तीन महिने लागतात. म्हणून खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची, उठताना हातांवर भार द्यायचा नाही.

बायकांचं उलटं होतं, आणि त्याचा मला जास्त राग येतो. घरी आल्यावर थोड्याच दिवसांत मावशी चुलीपुढं! ज्वारीचं पीठ मळताना परातीत जो रेटा द्यावा लागतो, त्याचा ताण त्याच हाडावर येतो. भरलेली कळशी तर नकोच. "मला कुठं काय दुखतंय," म्हणणाऱ्या एका मावशींच्या छातीत कूस बदलताना कट्‌ असा आवाज यायचा. त्यांना त्याच दिवशी सर्जनकडे धाडलं. असा आवाज, जखमेतून पाणी, ताप, वाढता दम, दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढणं, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नये.

भाकरी घरातल्या दुसऱ्या कुणीही थापावी, लेकानंसुद्धा. मावशींनी बसून भाजी निवडावी आणि रोज आबांसारखंच मोकळं चालायला जावं. घरातली उठबस म्हणजे तो व्यायाम नव्हे.