योगमोजे (विणकाम)

योगमोजे हे टाच व बोटे उघडी ठेवून पोटरीचा खालचा भाग, घोटा आणि पावलाचा मधला भाग झाकणारे पायमोजे होत. ते लोकरीने किंवा सुती धाग्याने, बहुधा 'दोन सुलट, दोन उलट' या ताणल्या जाणाऱ्या विणीत विणले जातात. या विणीस रिब वीण म्हणतात. स्वेटरच्या मनगटाशी व कमरेशी ती असल्यामुळे घरोघरी तिला 'बॉर्डर' असेही नाव आहे. नेहमीच्या मोज्यात टाच वळविणे व बोटांकडे टाके कमी करणे ही दोन कामे अवघड असतात. योगमोज्यात दोन्ही नसल्यामुळे नवशिक्यांसाठी हा सोपा नमुना मानला जातो.

पार्श्वभूमी

मराठीत 'विणकाम' हा शब्द दोन वेगळ्या कलांसाठी वापरला जातो. मागावर उभ्या-आडव्या धाग्यांनी कापड विणणे ही एक कला. धनगर समाजाची घोंगडी याच प्रकारात येते. दुसरी कला दोन सुयांवर एकाच धाग्याचे फासे एकमेकांत गुंफण्याची. भारतात तिचा प्रसार मुख्यतः एकोणिसाव्या शतकात मिशनरी शाळा व युरोपीय कुटुंबे यांच्यामार्फत झाला.

योगाभ्यास परंपरेने अनवाणी केला जातो. आधुनिक काळात त्याचे वर्गशिक्षण रुजविण्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. श्रीयोगेंद्र यांनी १९१८ मध्ये मुंबईत योग इन्स्टिट्यूट, तर स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांची रमामणी अय्यंगार स्मारक योग संस्था १९७५ पासून कार्यरत आहे. २०१५ पासून २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून पाळला जातो.

उपयोग व मर्यादा

पूर्ण मोजे गुळगुळीत फरशीवर घसरतात. योगमोज्यात टाच व बोटे थेट जमिनीला टेकत असल्याने पकड बरीचशी टिकते आणि घोट्याला ऊब मिळते. प्राणायाम, बैठी आसने आणि शवासन यांच्या वेळी शरीर थंडावते, तेव्हा ते विशेष उपयोगी पडतात. तथापि तळव्याचा मधला भाग झाकलेलाच राहतो. म्हणून वृक्षासनासारख्या तोलाच्या आसनांत ते काढून ठेवणे योग्य. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्यांना घट्ट काठाचा दाब जाणवत नाही. मोजा काढल्यावर त्वचेवर खोल वळ दिसल्यास तो वापरू नये.

साहित्य

मध्यम जाडीची लोकर (५० ग्रॅमचे दोन गुंडे), ८ क्रमांकाच्या म्हणजे ४ मिलिमीटर जाडीच्या दोन सुया, बोथट टोकाची शिवणसुई व मोजपट्टी एवढे साहित्य पुरते. भारतीय बाजारात सुयांना जुने ब्रिटिश क्रमांक असतात; त्यांत क्रमांक जसा वाढतो तशी सुई बारीक होते, हे खरेदी करताना लक्षात ठेवावे.

टाक्यांचा हिशेब

प्रथम एक ओळ सुलट व एक ओळ उलट अशा साध्या विणीचा चौकोनी नमुना विणून १० सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजावे. समजा, ते २२ आले. पावलाचा घेर २२ सेंटिमीटर असेल, तर मोजा पायाला धरून राहावा म्हणून घेर सुमारे दहा टक्के कमी, म्हणजे २० सेंटिमीटर धरावा. त्यासाठी ४४ टाके लागतात. ही संख्या चारने भागली गेली पाहिजे. जात नसेल तर जवळची घ्यावी. तिच्यात शिवणीसाठी २ मिळवून ४६ टाके घालावेत.

कृती

१. दोन्ही सुया एकत्र धरून ४६ टाके सैल घालावेत व नंतर एक सुई काढून घ्यावी.

२. पहिली ओळ: २ सुलट, २ उलट असे विणत जावे, शेवटी २ सुलट येतात.

३. दुसरी ओळ: २ उलट, २ सुलट असे विणावे, शेवटी २ उलट येतात.

४. या दोन ओळी २८ सेंटिमीटर लांबी होईपर्यंत आळीपाळीने विणाव्यात. ओळींची संख्या लिहून ठेवावी. दुसरा मोजा तेवढ्याच ओळींचा करावा.

५. सुलटावर सुलट व उलटावर उलट विणत टाके सैल बंद करावेत. त्यासाठी ६ क्रमांकाची जाड सुई घेतल्यास काठ आवळत नाही.

६. पट्टी लांबीत दुमडून दोन्ही कडा जोडाव्यात. वरून १४ सेंटिमीटर शिवावे, टाचेसाठी ७ सेंटिमीटर मोकळे सोडावे व उरलेले ७ सेंटिमीटर शिवावे. दोन्ही कडांचा एकेक टाका शिवणीत गेल्यावर तेथे दोनच सुलट टाके उरतात आणि रिब वीण अखंड दिसते. मोकळ्या भागाच्या दोन्ही टोकांना ताण येत असल्याने तेथे दोन-तीन जादा टाके मारावेत.

नेहमीच्या चुका

सुलट विणताना धागा सुईच्या मागे, तर उलट विणताना पुढे असावा लागतो. धागा फिरवताना तो सुईवरून गेला, तर जादा टाका तयार होतो व भोक पडते. म्हणून प्रत्येक ओळीनंतर टाके मोजणे हिताचे. दुसरी ओळही सुलटानेच सुरू केल्यास उभ्या रेघा तयार होत नाहीत व वीण ताणली जात नाही. काठ आवळून बंद झाला, तर मोजा टाचेवरून चढत नाही. अशा वेळी तेवढीच ओळ उसवून पुन्हा सैल बंद करावी.

कोकणातील वापर

रायगड जिल्ह्यात सावित्री नदीकाठी असलेले दासगाव, तसेच महाड व पोलादपूर या परिसराचे हवामान उष्ण व दमट आहे. येथे लोकरी कपड्यांची गरज थंडीतील पहाटेपुरतीच भासते. अशा हवेत जाड लोकरीपेक्षा सूत व ॲक्रिलिक यांचा मिश्र धागा सोयीचा ठरतो. निव्वळ सुती मोजा घाम शोषतो, पण लवकर सैलावतो. ॲक्रिलिकचा मोजा लवकर वाळतो, पण त्यात पायाला घाम येतो. मोजे हलक्या हाताने धुवावेत, न पिळता टॉवेलमध्ये दाबून पाणी काढावे आणि सावलीत आडवे पसरून वाळवावेत. टांगून वाळविल्यास ते लांबतात. पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून ते पूर्ण कोरडे झाल्यावरच ठेवावेत.