कोयत्याची धार बदलताना

यवतमाळ-धामणगाव रस्त्यावरच्या बाभुळगाव तालुक्यात कोयत्याला दोन अगदी वेगळी कामं करावी लागतात. डिसेंबर-जानेवारीत तूर कापायची आणि एरवी धुऱ्यावरची बाभूळ छाटायची. तुरीला पातळ धार लागते. तीच धार बाभळीवर मारली की मुडपते, नाहीतर तिला खांडे पडतात. कोयता वाईट निघाला म्हणून आपण मोकळे होतो, पण बहुतेक वेळा चूक धारेच्या कोनाची असते.

कोन घरीही मोजता येतो. पातं 5 सेंटिमीटर रुंद असेल, तर धार दगडाला टेकवून पाठ पावणेदोन सेंटिमीटर उचलली की एका बाजूचा कोन साधारण 20 अंश होतो. तुरीला तो पुरतो. पाठ अडीच सेंटिमीटर उचलली की 30 अंश, हा बाभळीचा कोन. कोयता एकच असेल तर आधी 20 अंशांवर दोन्ही बाजू उतरवाव्यात आणि मग फक्त कडेवर 30 अंशांचे चार-पाच हलके हात द्यावेत. उतार पातळच राहतो, कडेला मात्र पाठबळ मिळतं. घासताना पलीकडच्या बाजूला बारीक कोर उभी राहते. ती बोटाला खरखरीत लागते. ती काढल्याशिवाय धार टिकत नाही.

पातं फारच जाड झालं असेल तर कानस नको, लोहाराचा भाता हवा. 1915 साली प्रसिद्ध झालेल्या 'गावगाडा'त त्रिंबक नारायण आत्रे यांनी ज्या बलुतेदारांची माहिती दिली, त्यांत लोहार आहे. त्याच्या कामाचं मर्म घणापेक्षा पाणी देण्यात आहे. कोयते पुष्कळदा ट्रकच्या कमानीच्या पट्टीतून घडवतात. ती तापवून, ऐरणीवर ठोकून कड पातळ करतात. मग पुन्हा तापवतात. सुमारे 770 अंश सेल्सिअसला लोखंडाला चुंबक चिकटेनासं होतं. त्याच्या थोडं वर नेऊन कड बुडवली की ती कडक होते. हे पोलाद थंड पाण्यात तडकू शकतं, म्हणून तेल बरं. पण नुसती कडक कड काचेसारखी तुटते. म्हणून ती विटेवर घासून चकचकीत करायची आणि पाठीकडून हळूहळू ऊब द्यायची. आधी फिकट पिवळा रंग धावतो, मग तपकिरी, मग जांभळा, आणि 300 अंशांच्या आसपास निळा. जड तोडकामाच्या कोयत्याला जांभळा-निळा रंग कडेला आला की थांबायचं. कड बुडवल्यावर, ऊब देण्याआधीच कानस फिरवून पाहावी. नीट पाणी दिलेल्या कडेवर ती घसरते, मऊ कडेला चावते.

सगळ्यात मोठं नुकसान ग्राइंडर करतो. दोन मिनिटांत धार चमकते, पण ठिणग्या उडताना कडेवर निळी-करडी झाक आली तर तिथलं पाणी गेलं. ते दगडावर कितीही घासून परत येत नाही. ग्राइंडर वापरायचाच असेल तर डोळ्यांना चष्मा लावा, आणि पातं हाताला चटका देण्याआधीच पाण्यात बुडवा.

तूर कापणीला अजून अवकाश आहे. तोवर कोयता लोहाराकडे घेऊन जा, आणि तो कशावर चालवणार आहात, हे त्याला आधी सांगा.