एक अभंग, दोन नंबर: मग खरी गाथा कोणती?

(या भागाचं शब्दांकन. बोलताना जे बोलले, ते थोडं नीटनेटकं करून इथे दिलंय. बसमध्ये नेटवर्क गेलं की वाचायला बरं.)

आजचा भाग सुरू होतो वडगाव रासाईला. शिरूर तालुक्यातलं, भीमेच्या काठावरचं गाव. तिथे माझी आत्या राहते. सप्ताह चालू होता, म्हणून दोन दिवस गेले होते. रात्री कीर्तन रंगात आलेलं. बुवांनी तुकोबांचा एक अभंग घेतला. शेजारी बसलेल्या आत्याच्या मुलाने, अकरावीतला आहे तो, लगेच मोबाइल काढला आणि अॅपमध्ये अभंग शोधला. मी माझ्या फोनवर दुसऱ्या अॅपमध्ये शोधला. त्याच्याकडे एक नंबर, माझ्याकडे भलताच. एका ओळीतला शब्दही वेगळा. तेवढ्यात मागे बसलेल्या एका आजोबांनी घरून आणलेली जुनी छापील गाथा उघडली. तिच्यात नंबर तिसराच!

कीर्तन संपल्यावर परत येताना तो मला म्हणाला, "ताई, तिन्हीकडे वेगळं असेल तर खरं काय? म्हणजे सगळं नंतर कुणीतरी घुसडलेलंच ना?"

प्रश्न चेष्टेचा नव्हता. माळकरी घरातलं पोरगं आहे ते. त्या रात्री मी त्याला काहीतरी थातूरमातूर उत्तर दिलं. हा भाग म्हणजे माझं नीट दिलेलं उत्तर.

हाताने लिहायच्या काळात

आज आपण एक पीडीएफ शंभर जणांना पाठवतो आणि शंभर जणांना अक्षरशः तीच मिळते. छपाईच्या आधी असं नव्हतं. प्रत्येक प्रत म्हणजे एका माणसाने बोरू घेऊन, शाईत बुडवून, पानापानाने काढलेली नक्कल. सुट्या लांबट पानांची ती पोथी. शिवलेली वही असेल तर तिला बाड म्हणायचे. पोथीत बहुतेक वेळा दोन शब्दांमध्ये जागाच सोडलेली नसायची. शब्द कुठे तोडायचा, हे वाचणाऱ्याने ठरवायचं. चुकीच्या जागी तोडला की अर्थ बदलला.

चुका व्हायच्या कशा? दोन ओळींचा शेवट सारखा असेल तर लिहिणाऱ्याची नजर एकीवरून थेट दुसरीवर जायची आणि मधला मजकूर गळायचा. एक जण सांगतोय आणि दुसरा लिहितोय, असं असेल तर ऐकण्यात घोळ. जुना शब्द कळला नाही की त्याजागी ओळखीचा शब्द. आणि सगळ्यात गमतीशीर प्रकार म्हणजे कुणीतरी समासात अर्थ म्हणून एक ओळ लिहून ठेवायचं, पुढचा नक्कल करणारा ती मजकुरातच घ्यायचा. यात फसवणूक कुणाचीच नाही. माणसं काम करत होती, एवढंच.

तुकोबांचे अभंग किती?

तुकाराम महाराजांचं जाणं साधारण १६५० चं. अभंग लिहून ठेवणाऱ्यांमध्ये संताजी जगनाडे यांचं नाव आदराने घेतलं जातं. पुढे देहूला, पंढरपूरला, फडाफडांवर वेगवेगळ्या वह्या तयार झाल्या. टाळकरी आपल्याला हवे ते अभंग उतरवून घ्यायचे. त्यामुळे क्रम प्रत्येकाचा आपापला.

मग छपाई आली. मुंबई सरकारने २४,००० रुपये मंजूर केले आणि इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ आणि १८७३ मध्ये दोन भागांत गाथा निघाली. संपादक विष्णु परशुराम शास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित. देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर इथल्या हस्तलिखितांवरून त्यांनी ती सिद्ध केली. हीच गाथा सरकारने १९५० मध्ये पुन्हा छापली, तिच्यात ४,६०७ अभंग आहेत. आजच्या कितीतरी अॅपमधले नंबर याच सरकारी गाथेचे.

आता दुसरे आकडे बघा. तुकाराम तात्या पडवळ यांनी १८८९ मध्ये छापलेल्या गाथेत आठ हजारांहून जास्त अभंग आहेत. जोग महाराजांची गाथा १९०९ ची, ती वारकऱ्यांमध्ये आजही चालते. आणि वि. ल. भावे यांनी १९१९-२० च्या सुमारास संताजींच्या वह्यांवरून जी छापली, तिच्यात साधारण तेराशेच!

तेराशे, साडेचार हजार, आठ हजार. मग खोटं कोण? कुणीच नाही. भाव्यांनी एका लेखकाच्या वह्यांपुरतं पाहिलं. पंडितांनी चार ठिकाणच्या वह्या जुळवल्या. पडवळांनी जे जे तुकोबांचं म्हणून गायलं जातं, ते जमेल तेवढं गोळा केलं. तिघांचे प्रश्नच वेगळे होते, म्हणून उत्तरंही वेगळी आली. आमच्या कीर्तनात झालेला नंबरांचा गोंधळ हा एवढाच.

मग ठरवायचं कसं?

हा प्रश्न आपल्याकडे साडेचारशे वर्षांपूर्वी एका माणसाला पडला होता. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. शकात ७८ मिळवले की इसवी सन, म्हणजे १२९०. त्यानंतर जवळपास तीनशे वर्षं नकला होत गेल्या आणि पाठ बिघडले. पैठणच्या एकनाथ महाराजांनी अनेक प्रती समोर ठेवून, ताडून, शके १५०६ मध्ये म्हणजे १५८४ साली शुद्ध प्रत तयार केली. वर बजावूनही ठेवलं की यात कुणी आपल्या पदरची ओवी घालू नये. एवढ्या मोठ्या कवीने स्वतःची लेखणी आवरून दुसऱ्याच्या शब्दांची राखण केली. मला तर हे कमालीचं वाटतं.

पण गोष्ट तिथे संपली नाही. १९०९ मध्ये इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ज्ञानेश्वरीची एक वेगळी प्रत छापली. ही एकनाथांच्या आधीची आहे, असं त्यांचं म्हणणं. तिच्यातली भाषा जास्त जुनी दिसते आणि ओव्यांची संख्याही नेहमीच्या प्रतीपेक्षा कमी. विद्वानांचे वाद झाले. आजही कुणी एक प्रत हातात घेतं, कुणी दुसरी.

हेच काम फार मोठ्या पातळीवर पुण्यात झालं. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली, ती पूर्ण झाली १९६६ मध्ये. जवळपास पन्नास वर्षं! त्यासाठी १,२५९ हस्तलिखितं तपासली गेली. काश्मीरपासून केरळपर्यंतच्या, वेगवेगळ्या लिप्यांतल्या पोथ्या. वर मुख्य पाठ, खाली बारीक अक्षरात पाठभेद: कुठल्या पोथीत काय वेगळं आहे ते.

यामागची युक्ती सोपी आहे. वर्गात दोन पोरांच्या पेपरात एकच विचित्र चूक असेल तर सर काय म्हणतात? एकाने दुसऱ्याचं पाहून लिहिलंय! पोथ्यांचंही तसंच. सारखी चूक असणाऱ्या पोथ्या एका घराण्याच्या. अशा दहा पोथ्या असल्या तरी साक्षीदार एकच धरायचा. आणि लांबलांबच्या, एकमेकींशी संबंध नसलेल्या पोथ्यांत तोच शब्द सापडला, तर तो जुना असण्याची शक्यता जास्त. दुसरा नियम असा की अवघड शब्द आणि सोपा शब्द यांत बहुधा अवघडच आधीचा. कारण लिहिणारा माणूस अवघडाचं सोपं करतो, उलट सहसा करत नाही.

आता माझ्या भावाच्या प्रश्नाकडे या. प्रती वेगवेगळ्या आहेत म्हणून सगळं खोटं, असं होत नाही. प्रती वेगवेगळ्या आहेत म्हणून तर चूक पकडता येते! एकच प्रत उरली असती तर तिच्यातली चूक आपण कायमची खरी मानून बसलो असतो.

छापलं म्हणजे पक्कं?

तसंही नाही. लंडनमध्ये १६३१ साली बायबल छापताना दहा आज्ञांपैकी एकीतला 'नको' हा शब्दच गळला. आज्ञा झाली: व्यभिचार कर! छापणाऱ्यांना ३०० पौंड दंड झाला. छपाईत चूक झाली की ती एका पोथीत राहत नाही, शेकडो प्रतींत जाते.

आणि छापलं म्हणजे टिकलं, असंही नाही. फादर स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण घ्या. मराठी ओव्यांमध्ये येशूची कथा. ते १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं, पुढे आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. त्या तिन्हींतली एकही छापील प्रत आज हाती नाही. वाचवलं कुणी? हाताने केलेल्या नकलांनी. त्यांच्यावरून १९०७ मध्ये मंगळुरूला ते पुन्हा छापलं गेलं. एक नक्कल तर देवनागरीतली, लंडनच्या ग्रंथालयात सापडली. पुण्यात १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी ते देवनागरीत आणलं.

नदीपलीकडे, केडगावला

वडगाव रासाईहून भीमा ओलांडली की दौंड तालुका. तिथल्या केडगावचं स्टेशन तुम्हाला माहीत असेल. पण तिथे एक अख्खं बायबल मराठीत आणलं गेलं, छापलं गेलं, हे किती जणांना माहितीय?

ते काम पंडिता रमाबाईंचं. लहानपणी आईवडिलांकडून संस्कृत शिकलेल्या, कलकत्त्याच्या विद्वानांनी १८७८ मध्ये 'पंडिता' म्हणून गौरवलेल्या, पुढे ख्रिस्ती झालेल्या रमाबाई. दुष्काळातून वाचवलेल्या मुली आणि विधवा यांच्यासाठी त्यांनी केडगावला मुक्ती मिशन उभारलं.

मराठी बायबल तेव्हा नवीन नव्हतं. बंगालमधल्या सेरामपूरला, म्हणजे आपलं नगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे बरं का, विल्यम कॅरी आणि पंडित वैजनाथ यांनी शंभर वर्षं आधीच हे काम सुरू केलं होतं. पुढे मुंबईतही भाषांतरं झाली. पण रमाबाईंची तक्रार होती की ही भाषा जड आहे, संस्कृताने भरलेली आहे. माझ्या इथल्या बायकांना ती कळत नाही. आणि हे म्हणणारी बाई स्वतः संस्कृतची पंडिता!

म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मुळावरून साध्या मराठीत भाषांतर करायला घेतलं, त्यात पंधराहून जास्त वर्षं गेली. खिळे जुळवणं, छापणं, बांधणी, सगळं मुक्तीतल्या बायका करायच्या. ज्यांना कुणी पाटी धरू दिली नव्हती, त्यांच्या हातून धर्मग्रंथ छापला जात होता. रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. संपूर्ण बायबल बाहेर आलं १९२४ मध्ये.

एकनाथांचा प्रश्न होता, मूळ शब्द कोणते? रमाबाईंचा प्रश्न होता, ते कळणार कुणाला? नवी आवृत्ती निघते तेव्हा बहुतेक वेळा यातलाच एखादा प्रश्न तिच्यामागे असतो. त्यामुळे हातात कुठलीही प्रत आली की आधी प्रस्तावना बघा. कुणी संपादन केलं, कशावरून केलं, कुणासाठी केलं? अॅपमध्ये हे दिलेलं नसेल तर ते अॅप वाचायला ठीक, वाद घालायला नको.

माळ्यावरचं गाठोडं

शेवटची गोष्ट. निघायच्या दिवशी आत्याने माळ्यावरून लाल फडक्यात बांधलेलं एक गाठोडं काढलं. आत सुटी, पिवळी पडलेली पानं. आत्या म्हणाली, "अगं, तुझ्या आजोबांच्या आजोबांची पोथी. कुणाला वाचता येत नाही, कसर लागलीय. अमावास्येला भीमेत सोडून देऊ म्हणते. रद्दीत टाकायचं पाप नको."

तिचा भाव खरा होता. पण विचार करा, देहूवरून येणारी इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते आणि तेच पाणी पुढे वडगाव रासाईला येतं. इंद्रायणीत बुडवलेली गाथा वर आली म्हणून आपण हात जोडतो, आणि खाली त्याच पाण्यात घरातली पोथी आपण होऊन सोडतो!

मी काही बोलायच्या आत भाऊच म्हणाला, "आई, थांब. ही पण साक्षीदार आहे." मग आम्ही दोघांनी अंगणात उजेडात एकेका पानाचा फोटो काढला. शेवटच्या पानावर शक आणि लिहिणाऱ्याचं नाव निघालं. पोथी कसली आहे, ते नीट कळायचंय अजून.

तुमच्या घरीही असं गाठोडं असेल तर चार गोष्टी करा. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. फ्लॅश न वापरता फोटो काढा, पहिलं आणि शेवटचं पान आधी. कोरड्या सुती फडक्यात बांधा, ओल लागू देऊ नका. आणि पुण्यात भांडारकर संस्था आहे, राजवाड्यांनी १९१० मध्ये सुरू केलेलं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, तिथे जाणकारांना विचारा.

या आठवड्यात घरातल्या मोठ्यांना एकच प्रश्न विचारा: आपल्याकडे जुनी पोथी आहे का? काय उत्तर मिळालं ते व्हॉइस नोटमध्ये सांगा. भेटू पुढच्या भागात. रामकृष्णहरी!