कानाला खाच असलेला कुत्रा

ठाण्यात, कल्याण-डोंबिवलीत कानाला खाच असलेले कुत्रे दिसतात. नसबंदी आणि रेबीजची लस झाल्याची ती खूण. पूर्वी मुंबईत पालिका भटके कुत्रे मारत असे. तरी ते संपले नाहीत; रिकाम्या जागी दुसरे येत. २००१पासून केंद्राचे नियम नसबंदी करायला सांगतात. असाध्य आजार किंवा जीवघेणी जखम असेल, तरच डॉक्टर कुत्र्याला कायमचं झोपवतात.

निरोगी पिल्लं मात्र आजही मरतात, आणि तीही आपल्या हातून. मादी नको म्हणून गोणीत भरून वेशीबाहेर सोडली जातात. आम्हीही सोडली आहेत. खरं तर मादीही चांगली राखण करते, आणि एका ऑपरेशननंतर तिचं विणं थांबतं. २०२३च्या नियमांप्रमाणे गावातल्या भटक्या कुत्र्यांसाठी हे काम ग्रामपंचायतीचं आहे. येत्या ग्रामसभेत विचारा. घरच्या कुत्रीला आणि मांजरीला मात्र आपणच जनावरांच्या दवाखान्यात न्यायचं.